अर्धें मांडावें कीं पूर्ण?

[नभोवाणीवरून केलेलें भाषण]

एखादा कागद मधोमध दुमडावा, उघडून त्याच्या एका बाजूस शाईचा ठिपका टाकावा आणि कागद पुन्हां दाबून धरावा, म्हणजे दुसऱ्या बाजूस तसाच ठिपका उमटतो. हा खेळ लहानपणीं आपण सर्वांनींच खेळलेला असतो. दुमडीच्या त्या रेषेस भूमितींत सममितीचा अक्ष असें म्हणतात. एक बाजू ठाऊक असली कीं दुसरी निराळी शोधावी लागत नाहीं, ही त्यांतील सोय. दारांत रांगोळी काढणारी गृहिणी एका पाकळीचें माप ठरवून उरलेल्या पाकळ्या त्याच मापानें भरते, तेव्हां तीही हीच सोय वापरीत असते. हीच सोय पूल, विमानें आणि वाफेचीं पात्रें यांच्या मजबुतीच्या गणितांत किती उपयोगी पडते व कोठें दगा देते, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. मी अभियंता नव्हे. शाळेंत भूमिति आणि पदार्थविज्ञान शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. परंतु ज्या पुलावरून आपलीं मुलेंबाळें जातात, त्याचें गणित कोणत्या रीतीनें मांडलें जातें हें समजून घेण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. आणि त्यासाठीं मॅट्रिकच्या भूमितीहून फारसें अधिक लागत नाहीं.

प्रथम 'ताण' या शब्दाचा अर्थ ठरवूं. एखादी लोखंडी पट्टी दोन्ही टोकांस धरून ओढली, तर तिच्या छेदाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जें बळ येतें त्यास ताण म्हणावयाचें. सरळ, अखंड पट्टींत हा ताण सर्वत्र सारखा असतो व त्याचा हिशोब साध्या भागाकारानें होतो. परंतु त्याच पट्टीच्या मध्यभागीं एक वाटोळें भोंक पाडलें कीं चित्र पालटतें. नदीच्या प्रवाहांत खांब उभा केला म्हणजे पाण्याच्या धारा जशा त्याच्या दोन्ही अंगांस दाटी करितात, तशी बळाची दाटी भोंकाच्या दोन्ही अंगांस होते. पट्टी भोंकाच्या मानानें पुष्कळ रुंद असेल, तर भोंकाच्या कडेवरील ताण इतरत्र असलेल्या ताणाच्या तिप्पट होतो, हें किर्श नांवाच्या जर्मन अभियंत्यानें १८९८ सालीं गणितानें दाखवून दिलें. भोंक लहान केलें म्हणून ही तिप्पट टळत नाहीं. यंत्रांचे तुकडे पुष्कळदां भोंकापाशीं किंवा खांचेपाशींच कां तुटतात, याचा उलगडा यांत आहे.

किर्शला उत्तर सूत्ररूपानें मिळालें, कारण आकार साधा होता. विमानाच्या पंखाला किंवा पुलाच्या सांध्याला असें सूत्र नसतें. तेथें जी रीत वापरतात तिला इंग्रजींत 'फायनाइट एलिमेंट मेथड' असें नांव आहे. आपण तिला 'सांत घटक पद्धति' म्हणूं. तिचें तत्त्व असें : अवघड आकाराचे लहान लहान त्रिकोण किंवा चौकोन पाडावे, आणि प्रत्येक तुकडा अगदीं साध्या नियमानें ताणला जातो असें धरावें. मग शेजारचे तुकडे कोपऱ्यांवर एकमेकांस जोडलेलेच राहिले पाहिजेत व प्रत्येक कोपऱ्यावर बळांचा तोल सांभाळला गेला पाहिजे, अशीं समीकरणें लिहावीं. शाळेंत आपण दोन अज्ञातांचीं एकसामयिक समीकरणें सोडवितों; येथें अज्ञातांची संख्या हजारांत, कित्येकदां लाखांत जाते. त्रिकोणांची ही कल्पना कूरांट या गणितज्ञानें १९४३ सालीं मांडली होती. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप या चौघांनीं १९५६ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधामुळें ती विमानांच्या रचनेंत रुजली, आणि १९६० सालीं क्लफ यांनीं तिला तिचें हल्लींचें नांव दिलें. गणकयंत्राशिवाय ही पद्धति चालत नाहीं. परंतु यंत्रापुढें कोणता प्रश्न मांडावा हें अजूनही माणसालाच ठरवावें लागतें.

आतां ती भोंकाची पट्टी पुन्हां डोळ्यांपुढें आणा. येथें फळा नाहीं आणि खडूही नाहीं. आकृति श्रोत्यांनींच मनांत काढावयाची आहे. पट्टी भोंकाच्या मध्यांतून एकदां उभी दुमडा व एकदां आडवी दुमडा. चारही भाग एकमेकांवर तंतोतंत बसतात. तेव्हां सबंध पट्टीचे तुकडे पाडण्याऐवजीं एका चौथाईचेच पाडले तरी पुरे. मात्र जेथें आपण कापलें तेथें उरलेल्या भागाची आठवण ठेवली पाहिजे. ती अशी, कीं दुमडीच्या रेषेवरील बिंदूनें रेषेवरून खुशाल सरकावें, परंतु रेषा ओलांडूं नये. कां? रेषेवरचा बिंदु हा आरशांतील आपला आपणच जोडीदार असतो. तो उजवीकडे सरकला, तर आरशाच्या नियमानें त्यालाच त्याच क्षणीं डावीकडेही सरकावें लागेल; आणि एक बिंदु दोन दिशांस जाऊं शकत नाहीं. एवढी एक अट पाळली कीं कापून टाकलेला पाऊण भाग जागेवर असल्यासारखाच असतो.

या युक्तीचे लाभ तीन. पहिला श्रमाचा. अज्ञातें चौथाई झालीं म्हणजे शाळेंतील लोपाच्या रीतीनें समीकरणें सोडविण्यास लागणारे श्रम चौसष्टांश होतात, कारण ते अज्ञातांच्या संख्येच्या घनाप्रमाणें वाढतात. हल्लींच्या रीती याहून चतुर असल्यामुळें बचत इतकी मोठी नसते. पण बचत होते खरी. दुसरा लाभ सूक्ष्मतेचा. तेवढ्याच श्रमांत भोंकाच्या कडेपाशीं पूर्वींपेक्षां पुष्कळ बारीक जाळी घालतां येते, आणि ताण तर तेथेंच झपाट्यानें चढतो. तिसरा लाभ कमी लोकांच्या ध्यानांत येतो. दोन्ही टोकांस सारख्याच बळानें ओढलेली पट्टी अधांतरीं असते. सबंध पट्टी मांडली तर यंत्राच्या गणितासाठीं तिला कोठें तरी खिळावें लागतें, आणि खिळा चुकीच्या जागीं बसला तर प्रत्यक्षांत नसलेले ताण गणितांत उमटतात. चौथाईला दुमडीच्या दोन रेषाच धरून ठेवतात; निराळा खिळा लागत नाहीं.

जाळीच्या बारीकपणाचें महत्त्व किती, हें नॉर्वेंतील एका अपघातानें दाखवून दिलें. समुद्रांतील तेल व वायु काढण्यासाठीं 'स्लाइप्नर ए' नांवाच्या तळाचा काँक्रीटचा प्रचंड पाया बांधला होता. त्यांत २४ पोकळ कोठ्या मधाच्या पोळ्याप्रमाणें एकमेकांस चिकटलेल्या होत्या. २३ ऑगस्ट १९९१ रोजीं स्टाव्हांगर शहराजवळच्या खाडींत तो हळूहळू पाण्यांत उतरवीत असतां कोठ्यांच्या सांध्याजवळील एक भिंत फुटली आणि सबंध पाया तळाशीं जाऊन चुराडा झाला. तपासाअंतीं असें दिसून आलें कीं सांत घटकांची जाळी त्या सांध्यापाशीं इतकी ढोबळ होती कीं भिंतींतील कातर-बळ गणितांत सुमारें ४७ टक्क्यांनीं कमी भरलें. त्यांत भिंतींतील सळयांची मांडणीही अपुरी होती. येथें वाद अर्ध्या-पूर्णाचा नव्हता. परंतु सगळा आकार मांडला म्हणजे उत्तर आपोआप खरें येतें, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनीं हें उदाहरण विसरूं नये. ढोबळ जाळीच्या पूर्णापेक्षां बारीक जाळीचें अर्धें पुष्कळदां अधिक खरें बोलतें.

असें असेल तर सर्वत्र अर्धेंच कां मांडूं नये? कारण आकाराची सममिति ही चार साक्षीदारांपैकीं एकाची साक्ष झाली. उरलेले तिघे म्हणजे पदार्थ, आधार आणि भार. लांकडाची फळी आकारानें कितीही सारखी असली तरी तिच्या शिरा तिरक्या गेल्या असतील, तर तिच्या दोन बाजू एकसारख्या वांकणार नाहींत. पुलाचीं दोन्ही टोकें सारखीं दिसतात; परंतु एका टोकाचे रूळ गंजून बसले आणि दुसऱ्या टोकाचे मोकळे राहिले, तर आधाराची सममिति मोडली. भाराचें तर बोलावयासच नको. आगगाडी पुलावर चढते ती एका टोकानें चढते. चारही साक्षी जुळल्या तरच दुमड खरी.

भार एकतर्फी असला तरी दुमडीचा उपयोग अजिबात संपत नाहीं, ही या विषयांतील मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे. चार मीटर लांबीची फळी दोन्ही टोकांस टेकवलेली आहे आणि डाव्या टोकापासून एक मीटरवर १०० किलोंचें ओझें ठेवलें आहे असें समजा. डावा टेकू ७५ किलो पेलतो व उजवा २५. आतां या एका ओझ्याचे दोन खेळ करा. पहिल्या खेळांत डावीकडे ५० किलो आणि उजवीकडे तितक्याच अंतरावर ५० किलो, दोन्ही खालीं दाबणारे. दुसऱ्या खेळांत डावीकडे ५० किलो खालीं दाबणारे आणि उजवीकडे ५० किलो वर उचलणारे. दोन्ही खेळ एकत्र केले तर उजवीकडचें दाबणें व उचलणें एकमेकांस खाऊन टाकतें आणि डावीकडे मूळचे १०० किलो उरतात. पहिल्या खेळांत प्रत्येक टेकूवर ५० किलो येतात. दुसऱ्यांत डाव्यावर २५ किलो येतात आणि उजव्यावर उलट दिशेनें २५. बेरीज करा : ७५ आणि २५. पहिला खेळ साध्या आरशाचा, दुसरा उलट आरशाचा. उलट आरशांत डावी बाजू जितकी खालीं जाईल तितकी उजवी वर येते, म्हणून मधला बिंदु वरही जात नाहीं व खालींही जात नाहीं. तेव्हां अर्धीच फळी घेऊन, मध्यावरची अट बदलून दोनदां गणित केलें कीं एकतर्फी भाराचें पूर्ण उत्तर हातीं येतें. मात्र भार दुप्पट केला असतां वांक दुप्पट होतो, एवढी मर्यादा पाळली जात असेल तेथवरच ही बेरीज चालते.

यापुढें खरा धोका सुरू होतो. चारही साक्षी जुळल्या, भारही दोन्हीकडे सारखा, आणि तरीही उत्तर फसवूं शकतें. पियेर क्यूरी या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८९४ सालीं असें तत्त्व मांडलें कीं कारणांत जी सममिति असते ती कार्यांतही उतरते. तत्त्व मोठें मोलाचें आहे. परंतु शाळेंतील एक जुना प्रयोग आठवा. पत्र्याच्या गोल डब्यांत थोडें पाणी उकळतात, वाफेनें हवा बाहेर गेली कीं झांकण घट्ट बसवितात आणि डब्यावर थंड पाणी ओततात. बाहेरच्या हवेचा दाब डब्यावर चोहोंबाजूंनीं सारखा असतो. मग डबा चोहोंकडून सारखाच आक्रसावयास नको काय? पण तो वेडावांकडा चेपतो. एकीकडे खळगा, दुसरीकडे उंचवटा. सारखें आक्रसणें हें समीकरणाचें एक उत्तर असतें खरें; परंतु तें टोंकावर उभ्या केलेल्या पेन्सिलीसारखें असतें. समतोल आहे, पण टिकत नाहीं. पत्र्याची तिळभर विषमता डब्याला कोणीकडे तरी ढकलते. आतां याच डब्याची प्रतिकृति 'गोल आहे, सगळीकडे सारखेंच होणार' असें गृहीत धरून मांडली, तर ती फक्त सारखें आक्रसणेंच दाखवील. डबा चेपतो ही गोष्ट तिला सांगतांच येणार नाहीं, कारण तसें बोलण्याची मुभाच आपण तिला ठेवलेली नाहीं.

कंपनांच्या बाबतींतही असेंच घडतें. तंबोऱ्याची तार छेडली म्हणजे तिच्यांत मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर असतात. तारेच्या ऐन मध्यावर बोट हलकेंच टेकवून छेडली तर एक सप्तक वरचा, म्हणजे दुप्पट कंपनांचा स्वर ऐकूं येतो, कारण त्या कंपनांत मध्यबिंदु स्तब्ध असतो आणि तारेचे दोन अर्ध उलटसुलट हालतात. तार मध्यावर साध्या आरशाच्या अटीनें दुमडून गणित केलें, तर पहिला, तिसरा, पांचवा हे स्वर मिळतील. दुसरा, चौथा, सहावा मिळणार नाहींत. गणितांत एकही चूक नसतांना अर्धे स्वर नाहींसे होतील.

तंबोऱ्यांत यानें फारसें बिघडत नाहीं. पुलाची गोष्ट निराळी. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यांत टॅकोमा येथील झुलता पूल १ जुलै १९४० रोजीं वाहतुकीस खुला झाला. मधला गाळा २,८०० फूट लांब आणि पूल अवघा ३९ फूट रुंद. आरंभापासूनच वाऱ्यानें तो लाटेसारखा खालींवर होई. ७ नोव्हेंबर १९४० रोजीं सकाळीं ताशीं सुमारें ४२ मैलांच्या वाऱ्यांत त्याचें हालणें एकाएकीं पालटलें. गाळ्याच्या मध्यावर दोराला घट्ट धरून ठेवणारा पट्टा एका बाजूस घसरला आणि पुलाला पीळ पडूं लागला. गाळ्याचा एक अर्धा भाग एका अंगावर कलंडे, तेव्हां दुसरा अर्धा उलट अंगावर. मध्य आणि रस्त्याची मधली रेषा मात्र जवळजवळ स्तब्ध. अकरा वाजून गेल्यावर थोड्याच वेळांत मधला गाळा पाण्यांत कोसळला. त्या काळीं सांत घटक पद्धति नव्हती आणि पूल पडला तो वारा व पुलाची हालचाल यांनीं एकमेकांस चेतविल्यामुळें. अर्ध्या प्रतिकृतीचा येथें दोष नाहीं. पण त्या पुलाचा शेवटचा पीळ मनांत आणा. पूल लांबीच्या मध्यावर दुमडा, त्याचप्रमाणें रुंदीच्या मध्यावर दुमडा. प्रत्येक दुमडीवर साधा आरसा किंवा उलट आरसा, असे मिळून चार प्रश्न होतात. पुलाचा घात करणारा पीळ दोन्हीकडे उलट आरसा असलेल्या चौथ्या प्रश्नांत बसतो. जो अभियंता चौथाई पुलाला पहिला एकच प्रश्न विचारील, त्याला तो पीळ कधींही दिसणार नाहीं; जो चारही विचारील त्याला चौथाई पुलांतच तो सांपडेल.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आरसा गुणांप्रमाणें दोषांचेंही प्रतिबिंब दाखवितो. अर्ध्या प्रतिकृतींत एका सांध्याजवळ तडा मांडला, तर गणित दुसऱ्या बाजूसही तसाच तडा धरून चालतें. दोन तडे असलेली वस्तु आणि एकच तडा असलेली वस्तु सारखी वागत नाहीं. जुन्या पुलांची व पात्रांची तपासणी करतांना हें विशेष जपावें लागतें, कारण झीज आणि गंज हे सममिति पाळीत नाहींत.

हल्लीं गणकयंत्रें स्वस्त व वेगवान झालीं आहेत. तेव्हां दुमडीची कटकटच नको, सर्व कांहीं पूर्णच मांडावें, असें तरुण अभियंत्यांना वाटल्यास नवल नाहीं. पूर्ण मांडण्याचा एक मोठा लाभही आहे : सममिति तेथें फुकटची तपासनीस होते. प्रश्न दोन्हीकडे सारखा असतांना डाव्या-उजव्या ताणांत ठळक फरक आला, तर भार, आधार किंवा जाळी मांडतांना कोठें तरी घोटाळा झाला आहे हें तत्काळ कळतें. कापलेल्या अर्ध्यांत ही तपासणी उरत नाहीं. उलट तेथें नव्या चुकांना जागा मिळते. दुमडीच्या रेषेवरच भार असेल तर त्याचा अर्धाच घ्यावयाचा असतो. रेषेवर फासळी असेल तर तिची अर्धीच जाडी धरावयाची असते. हें राहून गेलें कीं उत्तर साफ चुकतें, आणि चुकलें हें सांगणारा शेजारी कापून टाकलेला असतो.

तेव्हां शहाणपणाचा क्रम कोणता? जेथें भार स्थिर व सारखा आहे, वस्तु जाड व ताठ आहे आणि प्रश्न एखाद्या भोंकापाशीं किंवा खांचेपाशीं ताण किती एवढाच आहे, तेथें दुमड घालावी आणि वाचलेले श्रम जाळी बारीक करण्यांत खर्चावे. जेथें वस्तु पातळ, लांब किंवा लवचीक आहे, जेथें ती चेपण्याची, बाक घेण्याची किंवा कंप पावण्याची भीति आहे, तेथें प्रथम पूर्ण प्रतिकृति ढोबळ जाळीनें का होईना मांडून पाहावी, निदान दुमडीच्या सर्व अटी एकामागून एक विचाराव्या, आणि मगच अर्ध्यावर यावें. दोन्हींचीं उत्तरें जुळलीं म्हणजे मन निःशंक होतें. न जुळलीं तर त्या फरकांतच पुष्कळदां शिकण्यासारखें कांहीं तरी दडलेलें असतें.

भूमितीच्या वर्गांत 'त्याचप्रमाणें दुसरी बाजू' हे शब्द आम्ही कितीदां लिहितों आणि विद्यार्थी ते किती आनंदानें उतरून घेतात! सिद्धतेचें अर्धें ओझें त्या तीन शब्दांनीं उतरतें. परंतु ते लिहिण्यापूर्वीं दुसरी बाजू खरोखरच पहिलीसारखी आहे काय, हें पाहण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर असते. वहींत ती पाळली नाहीं तर दोन गुण जातात. पुलाच्या गणितांत ती पाळली नाहीं तर त्याचा भुर्दंड पुलावरून जाणाऱ्यांना भरावा लागतो. अर्धें मांडावें, अवश्य मांडावें. मात्र उरलेलें अर्धें निराळें कांहीं सांगणार नाहीं याची खात्री करून घेऊन मांडावें.